गिगाबिट ग्राहकांना परवडणारा राउटर : खोक्यावरचा आकडा किती खरा मानायचा?

तारेवरची_कसरत | सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

मी आणि माझा भागीदार मिळून एक छोटी इंटरनेट सेवा चालवतो. साडेचारशेच्या आसपास जोडण्या, सगळ्या फायबरवर. ग्राहकाच्या घरी ओएनटी (फायबर जिथे येऊन संपतं तो डबा) ब्रिज मोडमध्ये, म्हणजे डेटा नुसता पुढे देणारा, त्याच्यामागे आमचा राउटर, आणि पीपीपीओईचं (नाव-पासवर्ड देऊन जोडणी उघडण्याच्या पद्धतीचं) लॉगिन राउटरवर. १०० एमबीपीएसच्या जमान्यात कुठलाही डबा लावला तरी भागायचं. ५०० आणि १००० चे प्लॅन सुरू केल्यापासून मात्र फोन थांबत नाहीयेत. सूर एकच: "हजारचे पैसे घेता आणि येतात तीनशे."

तीनशेच का येतात हे मला अर्धवट कळतंय. काही ठिकाणी राउटर दमतोय, काही ठिकाणी वाय-फायची बोंब आहे. बदलायचे तर सुरुवातीलाच दीडशे राउटर लागतील आणि त्यांचा खर्च प्लॅनच्या पैशांतच बसवायचाय. त्यामुळे सगळ्यात महागडं मॉडेल सुचवू नका, ते चांगलं असतं हे मलाही ठाऊक आहे.

मला एवढंच हवंय: तारेवर गिगाबिट खरोखर पेलणारा, वाय-फाय बरं असणारा आणि दर आठवड्याला बंद-चालू करावा न लागणारा. खोक्यावर एएक्स१८००, एएक्स३०००, 'अल्ट्रा गिगाबिट' असं काहीबाही लिहिलेलं असतं. त्यातलं काय धरायचं आणि काय सोडायचं?

निवांत_नाना | सोमवार, रात्री ९:२६

रुमाल टाकून ठेवतो. मी तारेच्या दुसऱ्या टोकाला आहे, म्हणजे फोन करणाऱ्यांपैकी. :)

खटपट्या | सोमवार, रात्री ९:५२

खोक्यावरचा आकडा म्हणजे सगळ्या बँडच्या कमाल लिंक-रेटची बेरीज, वर थोडी फुगवलेली. एएक्स१८०० म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवर ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झवर १२०१. एएक्स३००० मध्ये तेच ५७४, आणि ५ वर २४०२, कारण तिथे चॅनलची रुंदी ८० ऐवजी १६० मेगाहर्ट्झ धरलीय. आता फोन एका वेळी सहसा एकाच बँडवर असतो, मग बेरीज कुणाच्या कामाची?

शिवाय लिंक-रेट हा हवेतला वेग. त्यातले साठ-सत्तर टक्के पदरात पडले तर नशीब. १२०१ वाल्याकडून त्याच खोलीत सातशे-आठशे मिळतात, मध्ये एक जाड भिंत आली की निम्मे. जुन्या एसी१२०० मध्ये ५ गिगाहर्ट्झचा वाटा ८६७ चा, त्यातून पाचशे-साडेपाचशे निघतात, तेही राउटर डोळ्यांसमोर असेल तर.

आणि ते १६० मेगाहर्ट्झ प्रकरण: ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एवढी रुंदी घ्यायची म्हणजे रडारच्या चॅनलांवर पाय पडतोच. तिथे राउटरला आधी निदान मिनिटभर कान देऊन बसावं लागतं, रडार ऐकू आलं की उठून दुसरीकडे जावं लागतं. ग्राहकाच्या भाषेत, "मधूनच वाय-फाय गायब होतं." त्यात बरेच फोन ८० वरच बोलतात. एएक्स३००० घ्यायला हरकत नाही, पण १६० च्या जोरावर घेऊ नका.

शेवटचा_बाक | सोमवार, रात्री १०:०५

नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! मी एकदा १२०० लिहिलेला राउटर आणला. स्पीडटेस्ट ९४ च्या वर जाईना. दोन दिवस इंटरनेटवाल्याला शिव्या घातल्या. मग मागे वाकून पोर्टखालची बारीक अक्षरं वाचली, तर सगळे पोर्ट १०० चे. वाय-फाय १२०० चं आणि त्याला पाणी पुरवणारा नळ १०० चा.

काटा ९४ वर अडकला की समजा, पोर्ट नाहीतर केबल.

तारेवरची_कसरत | सोमवार, रात्री १०:११

त्या शिव्या आमच्यापर्यंत पोचतात हो, शेवटचा_बाक.

अनुस्वार | सोमवार, रात्री ११:३०

खटपट्यांनी हवेतलं सांगितलं, मी तारेवरचं सांगते. तुमचे बरेचसे 'तीनशे' मला इथले वाटतात.

गिगाबिटवर पूर्ण आकाराची, म्हणजे १५०० बाइटची पॅकेटं धरली तर एका दिशेने सेकंदाला सुमारे ८१ हजार पॅकेटं येतात. दर पॅकेटमागे राउटरच्या हातात १२ मायक्रोसेकंद. तेवढ्यात पीपीपीओईचं वेष्टन सोडायचं, नॅटच्या (घरातली सगळी उपकरणं एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवणाऱ्या) तक्त्यात जोडी शोधायची, पत्ता बदलायचा, फायरवॉलला विचारायचं आणि पॅकेट पुढे ढकलायचं. स्वस्त राउटरच्या सीपीयूला हे झेपत नाही आणि खरं तर तो करतही नाही. एखाद्या जोडणीची पहिली काही पॅकेटं तो बघतो, मग ती नोंद चिपमधल्या वेगळ्या सर्किटकडे सोपवतो. उरलेली पॅकेटं सीपीयूला न विचारता परस्पर जातात. हे हार्डवेअर ऑफलोड. मीडियाटेकची एमटी७६२१ ही ८८० मेगाहर्ट्झची दोन कोरांची चिप इतकी वर्षं गिगाबिट राउटरांमध्ये बसली ती याच जोरावर.

गोम पुढे आहे. ग्राहकाने राउटरच्या अॅपमध्ये जाऊन 'कुठलं उपकरण किती डेटा खातंय' हा तक्ता चालू केला, मुलांसाठी बंधनं घातली किंवा क्यूओएसचं (कुठल्या कामाला आधी वाट द्यायची ते ठरवणारं) बटण दाबलं, की बऱ्याच राउटरांत प्रत्येक पॅकेट पुन्हा सीपीयूसमोर उभं राहतं. ऑफलोड गुपचूप बंद. कालपर्यंत ९०० देणारा राउटर आज २५०-३०० देतो आणि स्क्रीनवर कुठे अक्षरही उमटत नाही.

पीपीपीओईने त्यात भर पडते. नेटवर्क चिप पॅकेटं वेगवेगळ्या कोरांना वाटते ती आयपी पत्ता बघून. पत्ता वेष्टनाच्या आत असला तर बऱ्याच चिपांना तो दिसत नाही, मग सगळा भार एका कोरवर. चार कोर असतात, एक घाम गाळतो आणि तिघे टाळ्या वाजवतात.

म्हणून राउटर निवडताना पहिला प्रश्न हा: ऑफलोड बंद असताना, पीपीपीओई आणि नॅट दोन्ही धरून, हा किती देतो? हा आकडा खोक्यावर कधीच नसतो.

गेमाड्या | सोमवार, रात्री ११:४४

थांबा. म्हणजे 'गेमिंग मोड' लावल्यामुळे माझं नेट हळू झालंय???

अनुस्वार | सोमवार, रात्री ११:५१

डाउनलोड हळू झालं असेल. पिंग (पॅकेट जाऊन परत यायला लागणारा वेळ) कदाचित सुधारलाही असेल. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शून्यपिंग | मंगळवार, सकाळी ७:१५

आणि दुसरी जास्त महत्त्वाची आहे! मी या विषयावर जरा जास्तच बोलतो, आधीच माफी मागून ठेवतो.

ग्राहक "स्लो आहे" म्हणतो तेव्हा त्याला बहुधा एमबीपीएस सलत नसतात. घरात कुणीतरी मोठी फाइल चढवत असतं आणि याचा व्हिडिओ कॉल गोठतो. कारण वाटेतल्या कुठल्यातरी डब्यात पॅकेटांची लांबलचक रांग साचलेली असते. जिम गेटीस यांनी पंधरा-एक वर्षांपूर्वी याला बफरब्लोट हे नाव रूढ केलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल ही पद्धत मांडली: रांग किती लांब आहे हे न मोजता पॅकेट रांगेत किती वेळ ताटकळलं ते मोजायचं. तिचा पुढचा अवतार एफक्यू-कोडेल, २०१८ चा आरएफसी ८२९० (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांपैकी एक). केक हा आणखी पुढचा, तो २०१८ मध्येच लिनक्स ४.१९ मध्ये आला.

त्यामुळे माझं मत: ९०० देणारा आणि भार आला की पिंग ३०० मिलिसेकंदांवर नेणारा राउटर नको. ४०० देणारा पण पिंग १५ वर धरून ठेवणारा द्या. ग्राहक खूश राहील.

तारेवरची_कसरत | मंगळवार, सकाळी ८:०२

शून्यपिंग, तुमचं पटतं, पण ग्राहक फोनवर स्पीडटेस्ट लावून मला स्क्रीनशॉट पाठवतो. १००० च्या प्लॅनवर ४०० चा स्क्रीनशॉट आला की त्याला कोडेल समजावत बसू का?

जुनं_खोड | मंगळवार, सकाळी ८:२०

मुळात हजार हवेत कशाला? ४के चित्रपटाला १५ ते २५ एमबीपीएस पुरतात. घरात चौघांनी चार वेगळे चित्रपट लावले तरी १०० झाले. आमच्या वेळी ५६ केबीपीएसच्या मोडेमवर फोटो वरून खाली उलगडत यायचा, आम्ही तोवर घरातली दोन कामं उरकायचो.

शेवटचा_बाक | मंगळवार, सकाळी ८:२५

खोडसाहेब, फोटो आला का शेवटी?

जुनं_खोड | मंगळवार, सकाळी ८:३१

अर्धा. मग घरच्यांनी फोन उचलला.

फिरकी | मंगळवार, सकाळी ९:४०

एक आगाऊ प्रश्न विचारतो, राग नसावा. जीपॉन (एकच फायबर अनेक घरांत वाटण्याची पद्धत) असेल तर एका पोर्टवर खाली २.४८८ गिगाबिट, आणि ते ३२ किंवा ६४ घरांत वाटलेले. हजारवाले तिघे एकदम डाउनलोडला बसले की संपलं. मग बिचाऱ्या राउटरला कशाला बोल लावायचा?

तारेवरची_कसरत | मंगळवार, सकाळी १०:०६

राग नाही, रास्त प्रश्न आहे. आमचं विभाजन ३२ चं आहे आणि आलेख मी रोज बघतो. रात्रीच्या गर्दीतही एकेक पोर्ट निम्म्याच्या आसपास असतो. सगळे एकदम धावत नाहीत, आमचा धंदा त्यावरच उभा आहे. वर चढताना १.२४४ च आहेत, तिथे कधीतरी घाम फुटेल. पण आज येणारे 'तीनशे' तिथले नाहीत. ओएनटीला थेट लॅपटॉप लावून पीपीपीओई जोडलं की नऊशेच्या वर येतात.

पक्कड | मंगळवार, दुपारी १:१५

कुणीच केबलबद्दल बोललं नाही म्हणून.

घरोघरी तारा जोडत फिरण्याचं काम मी केलंय. 'राउटर खराब आहे' म्हणून बोलावलेल्या एका घरात राउटर नवाकोरा होता, आकडा ९४. पोर्टचा दिवा हिरव्याऐवजी नारिंगी. केबलचं टोक उजेडात धरलं तर आठपैकी सात तारा कनेक्टरच्या टोकापर्यंत पोचलेल्या आणि तपकिरी एक तार मिलिमीटरभर मागे राहिलेली. पिनचं पातं तिला लागतच नव्हतं. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या लागतात, पिन १, २, ३ आणि ६. तपकिरी जोडी ७ आणि ८ वर. त्यामुळे आधीच्या प्लॅनवर ती केबल वर्षानुवर्षं बिनतक्रार चालली. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. एक तार बेपत्ता म्हटल्यावर दोन्ही टोकांनी मुकाट १०० वर तडजोड केली.

टोक कापलं, नवं लावलं, ९३०. ग्राहक म्हणाले, "राउटर न बदलता कसं काय?"

दीडशे राउटर मागवायच्या आधी दीडशे केबली तपासा. कॅट-५ई धड असेल तर १०० मीटरपर्यंत गिगाबिट आरामात जातं. तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमच्या केबली मात्र घेऊ नका. दोनदा वाकवल्या की तुटतात आणि लांबवर गेल्या की चुका वाढतात.

निवांत_नाना | मंगळवार, दुपारी १:४०

पक्कडसाहेबांचा प्रतिसाद वाचून उठलो आणि दिवा बघून आलो. हिरवा आहे. म्हणजे माझा रोग वेगळा.

लोखंडी_पेटी | मंगळवार, दुपारी ४:२२

माझा सल्ला सरळ आहे. इंटेल एन१०० चा मिनी पीसी, त्यावर ओपीएनसेन्स ही राउटरची प्रणाली, वाय-फायला वेगळा अॅक्सेस पॉइंट. पीपीपीओई, फायरवॉल, केक, सगळं चालू ठेवून गिगाबिट. ऑफलोडची भानगडच नाही.

शेवटचा_बाक | मंगळवार, दुपारी ४:३०

दीडशे घरांत? धागाकर्त्याने "परवडणारा" लिहिलंय, तुम्ही वरात घोड्याऐवजी हत्तीवरून काढताय.

लोखंडी_पेटी | मंगळवार, दुपारी ४:३८

मी माझ्या घरचं सांगितलं. हत्ती छान चालतो.

खटपट्या | मंगळवार, संध्याकाळी ६:०५

पेटीसाहेबांच्या बोलण्यातला एक धागा मात्र पकडण्यासारखा आहे: राउटिंग आणि वाय-फाय ही दोन वेगळी कामं आहेत. एका डब्यात दोन्ही असली तरी तपासताना वेगवेगळी तपासा. आधी तारेने लॅपटॉप लावून मोजा. तिथे पूर्ण आले की राउटर सुटला, मग वाय-फायच्या मागे लागा.

चिपचं म्हणाल तर सध्या या किमतीच्या पायरीवर मला मीडियाटेक फिलॉजिक ८२०, म्हणजे एमटी७९८१, सगळ्यात समतोल वाटते. १.३ गिगाहर्ट्झचे दोन कॉर्टेक्स-ए५३ कोर, वाय-फाय ६, ऑफलोड आहे आणि ओपनडब्ल्यूआरटीचा (राउटरवर घालता येणाऱ्या मुक्त प्रणालीचा) आधारही चांगला. एक पायरी वर फिलॉजिक ८३०, चार कोर, २ गिगाहर्ट्झ. जीएल-आयनेटच्या फ्लिंट २ मध्ये ती आहे, सोबत २.५ गिगाबिटचे दोन पोर्ट. दीडशे घरांना तो जड जाईल, पण कटकट्या ग्राहकांसाठी दोन-चार ठेवायला हरकत नाही.

ओपनडब्ल्यूआरटी वन हा राउटरही आहे, २०२४ च्या अखेरीस आलेला. याच ८२० चिपचा, पण लॅनचा (घराच्या बाजूचा) पोर्ट एकच. छंदिष्टांना झकास, तुमच्या कामाचा नाही.

अनुस्वार | मंगळवार, संध्याकाळी ६:४०

खटपट्यांना दुजोरा, पण एक धोक्याची सूचना. मॉडेलचं नाव बघून मागवू नका, हार्डवेअरची आवृत्ती बघून मागवा. एकाच नावाखाली व्ही१ मध्ये एक चिप, व्ही२ मध्ये दुसरी, आणि व्ही३ मध्ये मेमरी अर्धी, असं सर्रास चालतं. मी एका ठिकाणी नमुन्यादाखल एक तपासून चाळीस मागवले होते. खोकी तीच, रंग तोच, तळाच्या चिकटपट्टीवर 'व्ही' पुढचा आकडा वेगळा. नमुन्यात १२८ एमबी मेमरी होती, आलेल्यांत ६४. संध्याकाळी घरातली पंधरा-वीस उपकरणं जोडली गेली की ते स्वतःहून बंद-चालू व्हायचे. पुरवठादार म्हणाला, "मॉडेल तेच आहे ना मॅडम?"

मायक्रोटिक या राउटर कंपनीची एक गोष्ट मला आवडते. त्यांच्या उत्पादनाच्या पानावर ६४, ५१२ आणि १५१८ बाइटच्या पॅकेटांचे वेगवेगळे आकडे असतात, आणि फिल्टरचे २५ नियम किंवा २५ रांगा लावल्यावर काय होतं तेही असतं. तुम्ही मायक्रोटिक घ्या न घ्या, तो तक्ता एकदा वाचा. त्याच डब्याचा आकडा कसा घसरत जातो ते डोळ्यांनी दिसतं.

गेमाड्या | मंगळवार, रात्री ८:१०

गेमिंग मोड बंद केला. ८८० आले. पण आता भाऊ डाउनलोडला बसला की मी मरतो. (गेममध्ये.)

शून्यपिंग | मंगळवार, रात्री ८:१४

सांगितलं होतं!

उंटावरचा_शहाणा | मंगळवार, रात्री ९:०५

राउटर तुम्ही द्यायचेच कशाला? ओएनटी द्या, पुढे ग्राहकाचं ग्राहक बघेल. तुमचे पैसे वाचतील, कटकट जाईल.

तारेवरची_कसरत | मंगळवार, रात्री ९:३०

आयडी सार्थ केलात. :) राउटर त्याचा असो नाहीतर माझा, फोन मलाच येतो. फरक एवढाच की माझा असेल तर मला आत शिरून बघता येतं, टीआर-०६९ (राउटर दुरून सांभाळण्याची पद्धत) वरून. त्याचा असेल तर "जरा मागच्या बाजूला कुठला दिवा लागलाय सांगता का" इथून सुरुवात.

कडीकुलूप | मंगळवार, रात्री १०:४८

टीआर-०६९ चा विषय निघालाच आहे तर: तो पोर्ट बाहेरच्या जगाला उघडा ठेवू नका, फक्त तुमच्या सर्व्हरलाच पोचता येईल असं करा. आणि दीडशे राउटरांना एकच अॅडमिन पासवर्ड, हे तर नकोच. २०१६ चं मिराय हे मालवेअर आठवतं ना? कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेली उपकरणं गोळा करून त्यांची फौज उभी केली होती. २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर आलं, किमान पाच लाख राउटर आणि साठवणुकीची उपकरणं बाधित. तेव्हा एफबीआयने लोकांना चक्क राउटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं होतं.

निवडताना कंपनी फर्मवेअरचे (राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचे) अपडेट किती वर्षं देणार हे लेखी विचारा. स्वस्त राउटर महाग पडतो तो इथे.

निवांत_नाना | मंगळवार, रात्री १०:५५

बंद करून चालू करा! म्हणजे आमच्या हेल्पलाइनवर एफबीआयची माणसं बसतात तर.

पक्कड | बुधवार, सकाळी ७:५०

अवांतर, पण अनुस्वारताईंचा 'स्वतःहून बंद-चालू' वाचून आठवलं. दर वेळी दोष मेमरीचा नसतो. १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर वर्षा-दोन वर्षांत थकतो. निवांत असताना राउटर चालतो, वाय-फायवर भार आला की वीज जास्त ओढतो, व्होल्टेज कोसळतं आणि गडी पुन्हा पहिल्यापासून सुरू. अ‍ॅडॅप्टर बदलून बघितल्याशिवाय मी राउटर परत घेत नाही. दीडशे मागवताना पाच-दहा जादा अ‍ॅडॅप्टर मागून घ्या, आणि व्होल्ट-अँपिअर नीट जुळवून.

वाटसरू_वाचक | बुधवार, सकाळी १०:३३

मेश (घरभर वाय-फाय पसरवणारा दोन-तीन डब्यांचा संच) घेतलं की सगळे प्रश्न सुटतात असं ऐकलंय. खरं का?

खटपट्या | बुधवार, सकाळी १०:५०

मधला दुवा तारेचा असेल तर खरं. बिनतारी असेल आणि त्याच रेडिओवरून मुख्य राउटरशी बोलत असेल तर प्रत्येक पॅकेट हवेतून दोनदा जातं. वेग साधारण निम्मा. सिग्नलच्या दांड्या पूर्ण दिसतात, म्हणून माणसाला बरं वाटतं.

तारेवरची_कसरत | पुढच्या आठवड्यातला रविवार, रात्री ८:४५

मंडळी, गेले दहा-बारा दिवस गायब होतो कारण तुमच्याच सांगण्यावरून खटाटोप करत होतो. मूळ प्रश्नाकडे येतो.

तीन नमुने आणले. नावं घेत नाही, अ, ब, क म्हणतो. 'अ' एमटी७६२१ चा जुना, आमच्याकडे ढिगाने पडलेला. 'ब' आणि 'क' दोन्ही फिलॉजिक ८२० चे, कंपन्या वेगळ्या. टेबलावर दोन लॅपटॉप, एक वॅनच्या (बाहेरच्या) बाजूला पीपीपीओई सर्व्हर म्हणून आणि एक लॅनच्या बाजूला, मध्ये राउटर. आयपर्फ३ (वेग मोजायचं साधन) आधी मी राउटरवरच चालवत होतो आणि भलतेच कमी आकडे बघून हबकलो. मग भागीदार म्हणाला, अरे, राउटरला पॅकेटं बनवायला लावलीस, त्याचं काम पुढे ढकलण्याचं आहे. ते बरोबर होतं. दोन्ही टोकांच्या लॅपटॉपवर चालवल्यावर गाडी रुळावर आली.

पीपीपीओईवर एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १४९२ बाइट, सगळी वेष्टनं वजा जाता गिगाबिटवर जास्तीत जास्त ९३६ च्या आसपास मिळू शकतात. ऑफलोड चालू असताना तिन्ही ९२०-९३० वर. इथपर्यंत तिघेही पहिल्या बाकावरचे. ऑफलोड बंद केला आणि 'अ' थेट २६० वर आला. फोनवरचे 'तीनशे' मला तिथेच भेटले. आमच्याच जुन्या सेटिंगमध्ये डेटा मोजणीचा पर्याय चालू होता, आम्हीच दोन वर्षांपूर्वी केलेला. तो दुरून बंद केला. पन्नासेक घरांचा प्रश्न एकही राउटर न बदलता संपला. (भागीदाराला हे मी चेहऱ्यावर काही न दाखवता सांगितलं.)

'ब' ऑफलोडशिवाय ५८०, 'क' ५४०. दोन्ही चालण्यासारखे. मग चार तास दोन्ही दिशांनी एकदम भार टाकून ठेवले. 'क' तिसऱ्या तासाला हाताला चटका बसेल इतका तापला आणि त्याचं ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय पडलं. अ‍ॅडॅप्टर बदलून पाहिला, पक्कडसाहेब, तेच. एकच नमुना आहे, म्हणून कंपनीवर ठपका ठेवत नाही, दुसरा मागवलाय.

ठरलंय ते असं: ३०० पर्यंतच्या प्लॅनला 'अ' तसाच राहील. ५०० आणि १००० ला 'ब', आधी पन्नास, आवृत्ती ऑर्डरवर लिहून. शून्यपिंग, तुमचा केक राउटरवर नाही, आमच्या टोकाला बसवतोय. लिब्रेक्यूओएस हे सॉफ्टवेअर एका सर्व्हरवर लावून प्रत्येक ग्राहकाची रांग तिथेच आवरायची. म्हणजे घरातला डबा ऑफलोडवर मोकळा पळेल आणि स्क्रीनशॉटही बिघडणार नाही. वाय-फायमधली रांग उरतेच, तिचं काय ते नंतर बघू.

शून्यपिंग | रविवार, रात्री ९:००

डोळे पाणावले. चढत्या दिशेचीही रांग त्यातच आवरा, पण ग्राहकाचा वेग ओएनटीच्या मर्यादेपेक्षा थोडा कमी ठेवावा लागेल, नाहीतर रांग घरातच साचेल.

तारेवरची_कसरत | रविवार, रात्री ९:०९

ते लक्षात नव्हतं आलं. टिपून ठेवलं.

अनुस्वार | रविवार, रात्री ९:२०

डेटा मोजणीचा पर्याय ग्राहकांच्या अॅपमधूनही दिसेनासा करता येतो का बघा. नाहीतर कुणीतरी परत चालू करेल. 'ब' चा माल आला की पहिली पाच खोकी उघडून तळाची चिकटपट्टी वाचा, सही नंतर.

निवांत_नाना | रविवार, रात्री ९:५०

माझा रोग सापडला. राउटर टीव्हीच्या मागे होता आणि शेजारी दोन फुटांची माशांची काचपेटी. कपाटावर ठेवला, ३१० चे ६४० झाले.

तारेवरची_कसरत | रविवार, रात्री ९:५८

नाना, काचपेटी, टीव्हीमागे राउटर... तुम्ही आमचेच ग्राहक तर नव्हे? मंगळवारी असाच एक फोन आला होता.

निवांत_नाना | रविवार, रात्री १०:०१

बिल वेळेवर भरतो. याहून जास्त काही सांगणार नाही.